पान उलटल्याचा आवाज

"सही करा," सर म्हणाले आणि त्यांनी कागद माझ्या चहाच्या कपावर ठेवला. टेबल रिकामं होतं, तरी कपावर.

मी कागद उचलला. मधोमध कपाच्या काठाचं ओलं वर्तुळ उमटलं होतं. वर्तुळाच्या आत लिहिलं होतं, की रीळ क्रमांक सात हे मूळ ध्वनिमुद्रण असून त्यात कधीही काटछाट झालेली नाही, असं मी, विभागाची ध्वनितंत्रज्ञ, प्रमाणित करते.

"काटछाट झालीय, सर. मीच केलीय. तुम्ही सांगितलंत म्हणून."

"लेखी आहे?"

"काय?"

"मी सांगितल्याचं लेखी आहे का तुमच्याकडे? नाही ना? ब्लेड कुणाच्या हातात होतं? तुमच्या. शुक्रवारी समितीनं विचारलं तर आधी कोण अडकेल, याचा विचार करा. महिनाअखेरीला निवृत्त होताय. जाताना सुखानं जा."

"कागद भिजलाय," मी म्हटलं. "दुसरा आणा."

 ते कागद तिथेच टाकून निघून गेले. जाताना दार असं आपटलं की मशीनवरची सुई थरथरली.

आमच्या विभागात त्यांना पाठीमागे उतारसर म्हणतात. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी त्यांनी खोली सोडली नाही आणि कुणाची त्यांना खोली सोडा म्हणायची छातीही झाली नाही. त्यांचा जन्मभराचा विषय एकच. जपानी भाषेच्या निरनिराळ्या मुलखांतल्या बोली एकीकडे आणि डोंगराळ देशातल्या झोंगखा भाषेच्या बोली दुसरीकडे ठेवून त्यांची तुलना करायची. या दोन भाषांचं आपसात नातं नाही हे तेही मान्य करतात. पण त्यांचा जीव आवाजाच्या चढउतारात अडकलेला. जपानीत एकच शब्द पूर्वेकडचा माणूस एका तऱ्हेनं चढवतो, पश्चिमेकडचा नेमका उलट्या. दक्षिणेकडच्या एका बेटावर तर काही शब्द संपता संपता आवाज पायरी चुकल्यासारखा खाली येतो. सरांचं म्हणणं, अगदी तसाच उतार झोंगखाच्या वरच्या खोऱ्यातल्या बोलीत आहे. आणि तिथून एक दिवसाच्या चालीवर असलेल्या खालच्या खोऱ्यात तो नाही. यावरून त्यांनी, जगापासून तुटलेल्या मुलखांतल्या बोलींत असा उतार येतोच, असा एक नियम बसवला. चारशे पानांचं पुस्तक लिहिलं. पहिल्या पानावर अर्पण केलं, 'जिने माझ्यासोबत दोन्ही खोरी पायी तुडवली तिला'. ती म्हणजे त्यांची बायको. मी कामाला लागायच्या आधीच्या हिवाळ्यात ती वारली होती. आतल्या चारशे पानांत तिचा उल्लेख शोधून सापडत नाही.

मला या दोन्ही भाषांतलं एक वाक्य धड बोलता येत नाही. पण बेटावरचा तो म्हातारा कोळी शब्द संपवताना नाकातून श्वास सोडतो, आणि वरच्या खोऱ्यातल्या शाळामास्तरला त्या दिवशी सर्दी झाली होती, हे मला ठाऊक आहे. एकतीस वर्षं मी दुसरं काय केलं? माणसं बोलून निघून गेली आणि मी त्यांचे श्वास ऐकत बसले.

नोकरी लागून आठवडाच झाला होता तेव्हा त्यांनी रीळ क्रमांक सात माझ्यापुढे ठेवलं. वरच्या खोऱ्याचं रीळ, एकशे चाळीस शब्दांचं. प्रवासातून परतल्यापासून त्यांनी ते एकदाही लावलं नव्हतं.

"यातला कचरा काढा," ते म्हणाले होते. "पानांची सळसळ, खोकला, कुजबुज, सगळं. मला नुसते शब्द हवेत. स्वच्छ झालं की मग ऐकीन."

मी म्हटलं, आधी नक्कल काढते, नकलेवर कापते. ते म्हणाले, नकलेत आवाज मरतो, मुळावरच चालवा ब्लेड. चालवलं. फीत खाचेच्या पट्टीवर धरायची, तिरका काप द्यायचा, नको असलेला तुकडा काढायचा, उरलेली दोन टोकं चिकटपट्टीनं जोडायची. दर पाच शब्दांनंतर एक पान उलटत होतं. अठ्ठावीस पानं, म्हणजे सत्तावीस वेळा उलटणं. सत्तावीस तुकडे निघाले, प्रत्येक वीत-दीड वीत लांब.

काम पास होईपर्यंत कापलेला तुकडा फेकायचा नाही, ही आमच्या धंद्यातली रीत. मी प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलीनं नंबर घातला आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवला. सरांनी रीळ नेलं, काम पास झाल्याची चिठ्ठी काही दिली नाही. म्हणून डबा राहिला.

कापतानाच माझ्या लक्षात आलं होतं. शाळामास्तरचा आवाज फक्त पाचव्या, दहाव्या, पंधराव्या शब्दाला उतरत होता. उतरला की लगेच सळसळ. मी धावत सरांकडे गेले. तरुण होते, वाटलं शाबासकी मिळेल.

"सर, पानावर पाचच शब्द असतील. पान संपताना वाचणाऱ्याचा आवाज खाली येतो, बाकी काही नाही. कोळ्याला आणि खालच्या खोऱ्यात तुम्ही एकेक शब्द तोंडी विचारलाय. फक्त इथेच वाचायला दिलंय."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. "बाई, तुम्ही यंत्र ऐका. भाषा मी ऐकतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तक्रार केली. अधिकाराबाहेर जाऊन मत दिलं, संशोधनाची बदनामी केली. मला कायम केलेलं नव्हतं. विभागातल्या सात माणसांसमोर उभं करून माझ्याकडून माफीपत्र वाचून घेतलं. मी वाचलं, खाली सही केली. घरची ओढाताण होती वगैरे मी पुढे लोकांना सांगायची. खरं सांगायचं तर मी घाबरले होते. ते माफीपत्र अजून माझ्या फायलीत आहे, आणि एकतीस वर्षं मला एकच गोष्ट हवी होती. मी ऐकलं ते बरोबर होतं, हे या माणसानं चारचौघांत तोंडानं म्हणावं.

आता हे प्रकरण उकरलं ते नवीन मॅडमनी. त्या दोन वर्षांपूर्वी आल्या, हुशार आणि तोंडाच्या फटकळ. सरांच्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघायची होती, तेव्हा त्यांनी भर बैठकीत विचारलं, की रिळावर उतारवाले शब्द बरोबर पाचाच्या पटीत कसे येतात? सर म्हणाले, यादीच तशी रचली होती; ते शब्द मुद्दाम दर पाचव्या जागी घातले होते. ते खोटं बोलत होते की इतक्या वर्षांत त्यांना खरंच तसं वाटायला लागलं होतं, कोण जाणे. मूळ यादी म्हणे वाळवीनं खाल्ली. शेवटी समितीनं ठरवलं, शुक्रवारी सगळ्यांनी मिळून मूळ रीळ ऐकायचं, आणि तोवर ते माझ्या खोलीत ठेवायचं.

सरांनी कागद आणला त्याच दिवशी दुपारी नवीन मॅडम माझ्या खोलीत येऊन गेल्या. बसल्या नाहीत.

"रिळाला बत्तीस-तेहतीस जोड आहेत. मी मोजलेत. काय कापलंत तुम्ही?"

"सत्तावीस आहेत. बाकीचे फीत तुटल्याचे."

"काय कापलंत?"

"समितीला सांगेन."

"टेपबाई, तुम्हाला वाटतंय तुम्ही त्यांना वाचवताय. ते बुडणार आहेत. सोबत तुम्हीही जाल. मला त्याचं काही सोयरसुतक नाही."

त्याही मला टेपबाईच म्हणतात. सर निदान नुसतं बाई म्हणतात.

घरी आले तर नवरा माळ्याकडे पाठ करून पेपर वाचत होता. तो बस डेपोच्या वर्कशॉपातून निवृत्त झाला, तेव्हापासून घरातली प्रत्येक वस्तू सुटी करून बघतो.

"आला का कान," तो म्हणाला. हे माझं घरातलं नाव. मी स्टूल माळ्याखाली ओढलं.

"डबा काढतेयस? त्यातले ते फितीचे तुकडे? मी दहादा टाकायला घेतले होते."

"हात लावलास?"

"नाही लावला. मला माझे हात प्यारे आहेत." त्यानं पेपर खाली केला. "आता काढून काय उपयोग? तेव्हा सात माणसांसमोर माफी मागितलीस, तेव्हा का नाही आपटलास डबा टेबलावर? तेव्हा शेपूट घातलंस, आणि त्याचा राग तीस वर्षं आमच्यावर काढलास. मुलगी काय, मी काय, कुणी मोठ्यानं बोललं की तू अशी बघायचीस की जणू आम्हीच तुझी तक्रार केलीय."

मी स्टुलावर उभी होते. डब्यावर त्याचे जुने नट-बोल्ट रचलेले होते. ते मी एकेक करून खाली फेकले, मुद्दाम, फरशीवर आवाज होईल असे.  त्याचं म्हणणं खरं होतं आणि म्हणूनच मला ते सहन होईना.

गुरुवारी सकाळी मी खोलीला आतून कडी लावली. शिपायाला सांगितलं, कुणी आलं तर मशीन दुरुस्तीला काढलंय म्हण. डबा उघडला. फीत जुनी झालेली, तपकिरी भुगा बोटांना लागत होता, पण नंबर दिसत होते. माझाच जोड शोधायचा, चिकटपट्टी सोलायची, मधे तुकडा बसवायचा, पुन्हा चिकटवायचं. पंधराव्या नंबरला जोड वाकडा बसला. आता वयही झालंय. चहा दोनदा गार झाला. शिपाई दाराबाहेरून कुरकुरला, "बाई, जेवायचं तरी उघडा." मी उघडलं नाही.

तीन वाजता सत्ताविसावा तुकडा बसला. मी लावून बघितलं नाही. तुकड्यांवर काय आहे ते मला पाठ होतं. सळसळ, आणि सळसळीच्या मागे कुणा बाईचा हलका आवाज, "हं. पुढचं." कधी नुसतंच "हं." पानं उलटणारी, सरांनी इथून सोबत नेलेली कुणी मदतनीस असेल असं मी धरून चालले होते.

चार वाजता दार वाजलं. हा ठोका मी ओळखते. कडी काढली.

सर आत आले ते सरळ कपाटाकडे गेले आणि त्यांनी रीळ पुसायचं चुंबक बाहेर काढलं. जुनं, इस्त्रीएवढं, आम्ही त्याला पुसणी म्हणतो. पाच सेकंद रिळावरून फिरवलं की रीळ कोरं.

"द्या ते रीळ."

"कशाला?"

"जुनं रीळ खराब झालं. होतं असं. तुम्ही कागदावर सही करत नाही, मग दुसरा मार्ग हाच." त्यांनी दुसरा हात पुढे केला. "तुमच्यावर काही येणार नाही. आयुष्यभर मी तुमच्यावर काही येऊ दिलं का?"

हे ऐकून माझं डोकं असं फिरलं, की मला वाटलं तेच चुंबक उचलून यांच्या डोक्यात घालावं.

"माफीपत्र विसरलात?"

"कसलं माफीपत्र?"

त्यांना खरंच आठवत नव्हतं. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं, ते नाटक करत नव्हते. मी एकतीस वर्षं ज्या गोष्टीसाठी झोप घालवली, ती यांच्या लक्षातही राहिली नव्हती.

"आधी ऐका," मी म्हटलं. "मग काय पुसायचं ते पुसा. तुम्ही हे रीळ अख्खं कधी ऐकलंच नाहीत. तुम्ही मी कापलेलं ऐकलंत. मी आज सगळं परत जोडलंय. बसा."

"मला काही ऐकायचं नाही."

मी बटण दाबलं.

शाळामास्तरचा सर्दाळलेला आवाज. एक. दोन. तीन. चार. पाचवा शब्द, आवाज खाली आला. पान सळसळलं. आणि त्या सळसळीत तो बाईचा आवाज, "हं. पुढचं."

सरांनी चुंबक टेबलावर ठेवलं. रिळापासून लांब, पार टेबलाच्या कडेला.

मी उताराबद्दल बोलायला तोंड उघडलं. "बघा, पान संपलं की..."

"गप्प बसा!" ते ओरडले.

सहा. सात. आठ. नऊ. दहा. सळसळ. "हं." मग किंचित हसल्यासारखं, आणि "दमलात का? पुढचं."

ते खुर्चीत बसले. मी तोवर त्यांना माझ्या खोलीत बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"ही इथे आहे," ते म्हणाले. माझ्याशी नव्हे. "माझ्याकडे तिचा आवाज कुठेच नव्हता. कुठेच. आणि तुम्ही हे डब्यात ठेवलं होतंत?"

तेव्हा मला कळलं. हा आवाज पुस्तकाच्या पहिल्या पानावरच्या त्या बाईचा, दोन्ही खोरी पायी तुडवणारीचा. आणि परतल्यावर सर हे रीळ का लावत नव्हते, तेही कळलं. त्यांनी मला काढायला सांगितलेला कचरा म्हणजे ती होती.

"मला काय माहीत कोण आहे," मी म्हटलं. "तुम्ही सांगितलंत, कापा."

मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही. आत कुठेतरी बरंच वाटलं, आणि ते बरं वाटणं मला आवडलं नाही, एवढंच.

विसाव्या शब्दानंतर ते उठले. रिळाला त्यांनी हात लावला नाही. चुंबकालाही नाही. दाराशी थांबून म्हणाले, "उद्या लवकर या. मशीन गरम व्हायला वेळ लागतो." जणू मला ते ठाऊक नव्हतं.

शुक्रवारी समितीची पाच माणसं, नवीन मॅडम आणि दहा-बारा विद्यार्थी एवढ्या सगळ्यांनी माझी खोली भरली. खिडकी उघडावी लागली. सर पहिल्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट घालून. मी लावलं. पहिल्या पानाला काही झालं नाही. दुसऱ्या पानाला दोघातिघांनी एकमेकांकडे पाहिलं. सहाव्या पानापर्यंत विद्यार्थी शब्द उतरायच्या आधीच बोटं वर करायला लागले, पाच, आणि सळसळ. पाच, आणि सळसळ. कुणीतरी फिसकन हसलं. नवीन मॅडमचा चेहरा फुलला होता.

अध्यक्षांनी हात वर करून थांबवायला सांगितलं. "सर, हा उतार मग नेमका कशामुळे येतोय असं म्हणायचं?"

सर्वांचं लक्ष त्यांच्याकडे. त्यांनी मान वळवली नाही.

"बाईंना विचारा," ते खरखरीत आवाजात म्हणाले. "त्यांनी पहिल्या महिन्यातच सांगितलं होतं मला. मी ऐकलं नाही."

एकतीस वर्षांत या क्षणासाठी मी किती वाक्यं घोकली होती. बसस्टॉपवर, स्वयंपाक करताना, मुलीला झोपवताना. चांगली पंधरा मिनिटं पुरतील एवढी. सगळे माझ्याकडे बघत होते.

"पान संपतं म्हणून," मी म्हटलं.

अध्यक्षांनी लिहून घेतलं. नवीन मॅडम म्हणाल्या, "म्हणजे तुलनाच कोसळली. जपानी बेटावरचा उतार राहिला एकटा, इकडे काहीच नाही." त्या सरांकडे बघून म्हणाल्या, पण सर त्यांच्याकडे बघत नव्हते. खुर्च्या सरकल्या. पुढचं ऐकायची आता गरज नाही, असं अध्यक्ष म्हणाले. विद्यार्थी मोठमोठ्यानं बोलत बाहेर पडले. जाता जाता नवीन मॅडम माझ्या खांद्याला हात लावून म्हणाल्या, "शाब्बास, टेपबाई." मी खांदा काढून घेतला.

सर उठले नव्हते.

"पूर्ण लागू दे," ते म्हणाले.

मी पुन्हा बटण दाबलं. खोलीत आम्ही दोघंच. खिडकीतून येणारा रस्त्याचा आवाज त्यांना त्रास देत होता, मी उठून खिडकी लावली. शाळामास्तर वाचत होता. पाचव्या शब्दाशी आवाज उतरला की सर किंचित पुढे झुकत. सळसळ. "हं. पुढचं." मग मागे टेकत. पुन्हा पाच शब्द, पुन्हा झुकत. त्यांचा नियम मोडून गेला होता आणि ते प्रत्येक उताराची वाट बघत होते. मला ते बघवेना, आणि मशीन सोडून जाताही येईना.

सत्तावीसदा झालं. मग शेवटचं पान. एकशे छत्तीस, सदतीस, अडतीस, एकोणचाळीस. एकशे चाळिसाव्या शब्दाला आवाज खाली आला. सर पुढे झुकले.

अठ्ठाविसाव्या पानानंतर उलटायला पान नव्हतं.

फीत संपली, टोक सुटून रिळाबरोबर फटफट फिरू लागलं. ते तसेच झुकलेले होते, डोळे मिटून, एक कान मशीनकडे करून. माझा हात बटणावर होता. मी बंद केलं नाही.